वाचकांचे प्रश्न: नोव्हेना करायची की पोलिसात जायचं?

गेल्या अंकात आपण चार ओळींची एक बातमी छापली होती, एका कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी 25 नोव्हेंबरला चर्चच्या आवारात बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्ध रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि मेणबत्ती-प्रार्थना ठेवली त्याची. तर त्या चार ओळींवर एवढी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअॅप आले की या वेळी मुलांच्या अभ्यासाचे, सुनेच्या मोबाईलचे आणि गुडघेदुखीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. नावं कुणाचीच छापत नाहीये आणि गावं पण मोघम ठेवलीयेत, कारण आपल्याकडे नुसतं "अमक्या आळीतली" म्हटलं तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

ताई, आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) पण सिस्टर्सनी 25 तारखेला रोझरी ठेवली होती. बायका भरपूर, पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझा भाऊ म्हणतो मारणारे घरी टीव्ही बघत बसले आणि मार खाणाऱ्या इथे गुडघे टेकून बसल्या, उपयोग काय? आणि ही 25 तारीख चर्चची आहे का बाहेरून आली? (वसई)

भावाचं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाकते. पुढच्या वर्षी पुरुषांना गोळा करून आणायचं काम त्याच्याकडेच द्या, बघू किती येतात.

तारीख चर्चची नाही. कॅरिबियन समुद्रात डॉमिनिकन रिपब्लिक नावाचा देश आहे, तिथे त्रुहियो नावाचा हुकूमशहा तीस वर्षं ठाण मांडून बसला होता. त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मिराबाल घरातल्या तीन बहिणी, पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा, तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परत येत होत्या, तर 25 नोव्हेंबर 1960 ला त्यांना रस्त्यात अडवून मारून टाकलं आणि गाडी दरीत ढकलून अपघात दाखवला. लॅटिन अमेरिकेतल्या बायका 1981 पासून हा दिवस पाळायला लागल्या आणि 1999 मध्ये युनोने तो सगळ्या जगासाठी जाहीर केला, तिथून 10 डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंतचे सोळा दिवस. चर्चचा अजिबातच संबंध नाही असं पण नाही हं, या बहिणी सिस्टर्सच्या बोर्डिंगमध्ये शिकलेल्या, आणि त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या बिशपांनी त्रुहियोच्या धरपकडीविरुद्ध पत्र काढून ते चर्चाचर्चांतून वाचून दाखवलं होतं. आपला आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, पण साधारण याच दिवसांत सुरू होतो, त्यामुळे जगभरच्या सिस्टर्सनी हे सोळा दिवस आपलेसे केलेत.

चर्चची स्वतःची म्हणावी अशी तारीख आहे 8 फेब्रुवारी, संत बखिताचा सण. मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून पोप फ्रान्सिस यांनी तो 2015 पासून सुरू केला. बखिताची गोष्ट भावाला नक्की सांगा. सुदानमधल्या दारफुरची मुलगी, लहानपणी पळवलेली, बाजारात पुन्हा पुन्हा विकलेली, एका घरात तर तिच्या अंगावर धारदार पात्याने नक्षी कापून वर मीठ चोळलं होतं. शेवटी एका इटालियन कॉन्सुलने तिला विकत घेतलं आणि 1885 मध्ये ती इटलीला पोचली, तिथे ती दुसऱ्या एका घरी कामाला गेली. त्या मालकिणीने तिला व्हेनिसला कनोसियन सिस्टर्सकडे थोडे दिवस ठेवलं होतं, न्यायला आली तेव्हा बखिता म्हणाली मी येत नाही. मालकीण हटेना. तेव्हा तिथल्या मदरने प्रकरण सरकारदरबारी नेलं आणि 29 नोव्हेंबर 1889 ला कोर्टाने निकाल दिला की ही गुलाम नाहीच, हिने कुठे राहायचं ते हीच ठरवेल. पुढे ती स्वतः कनोसियन सिस्टर झाली, 1947 मध्ये वारली, 2000 मध्ये संत झाली. मुंबईतल्या कनोसा शाळा त्याच सिस्टर्सच्या, आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे शिकल्यात.

आता मला सांगा, त्या सिस्टर्सनी त्या दिवसांत प्रार्थना केली नसेल? केलीच असणार, ते तर त्यांचं रोजचंच. पण मालकीण दारात उभी असताना त्या चॅपलमध्ये जाऊन बसल्या नाहीत. उपयोग काय विचारतोय ना तुमचा भाऊ, तर रोझरी संपल्यावर त्या बायकांपैकी कुणी सिस्टरला बाजूला घेऊन काही बोललं का, आणि बोलल्यावर सिस्टर दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कुठे गेल्या का, एवढंच बघायचं. बऱ्याच ठिकाणी जातात. 2009 मध्ये जगभरच्या सिस्टर्सच्या वरिष्ठांच्या संघटनेने तलिथा कुम नावाचं जाळं उभं केलं, विकल्या गेलेल्या मुलींना सोडवणं, कोर्टात सोबत करणं, परत पायावर उभं करणं यासाठी, आणि आपल्याकडे अम्रत नावाने सिस्टर्स तेच काम करतात. ते काम मेणबत्तीसारखं फोटोत येत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही.

ताई, लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा पगार झाला की पितो आणि मारतो, दोनदा हात मोडलाय माझा. मुलगी नऊ वर्षांची आहे, ती आता त्याच्या बाईकचा आवाज आला की बाथरूममध्ये जाऊन कडी लावते. फादरांना भेटले, ते म्हणाले विवाह हा संस्कार आहे, तोडता येत नाही, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) कर, तो बदलेल. सासूबाई म्हणतात प्रत्येकाला आपापला क्रूस असतो. आईबाबा म्हणतात ये, पण आवाज खाली करून म्हणतात. घर सोडलं तर पाप लागेल का? कम्युनियन (चर्चमधला ख्रिस्तप्रसाद) घेता येईल का? (नाव गाव नको)

पाप लागणार नाही. कम्युनियन घेता येईल. हे दोन्ही आधी सांगून टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. तुला अगं-तुगं करते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

फादर म्हणाले संस्कार तोडता येत नाही, ते चर्चच्या शिकवणीत आहे, पण त्यांनी तुला अर्धंच सांगितलं. चर्चचा जो कायदा आहे, 1983 चा कॅनन लॉ, त्याचं कलम 1153 काढून बघायला सांग त्यांना. त्यात लिहिलंय की नवरा-बायकोपैकी एकजण दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या जिवाला, मनाला गंभीर धोका करत असेल तर दुसऱ्याला वेगळं राहायला रास्त कारण आहे, त्यासाठी बिशपांची परवानगी घ्यावी, आणि थांबण्यातच धोका असेल तर परवानगीची पण वाट बघायची नाही, स्वतःच्या अधिकारात निघायचं. हे कुणा फेमिनिस्ट बाईने लिहिलेलं नाही, रोममध्ये बसून लिहिलेलं आहे. मोडलेला हात म्हणजे गंभीर धोका नाही तर दुसरं काय असतं? पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये कुटुंबावर जे मोठं पत्र काढलं त्यात तर त्यांनी म्हटलंय की दुबळ्या जोडीदाराला किंवा लहान मुलांना मारहाणीपासून वाचवायचं असेल तेव्हा वेगळं होणं कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच असतं. नुसती मुभा नाही, आवश्यक. अमेरिकेतल्या बिशपांनी 1992 मध्येच लिहून ठेवलंय की मारहाणीच्या लग्नात कुणीही राहावं अशी अपेक्षा नाही.

म्हणजे वेगळं राहणं हे पाप नाही. कोर्टाचा घटस्फोट मुलीच्या ताब्यासाठी, पोटगीसाठी घ्यावा लागला तर तेवढ्यानेही कम्युनियन बंद होत नाही, प्रश्न येतो तो पुन्हा लग्न केल्यावर, आणि त्यासाठी चर्चच्या न्यायालयात ते लग्न मुळात वैध होतं का याची वेगळी चौकशी असते. ते खूप पुढचं, आत्ता त्यात डोकं घालू नको.

क्रूसाबद्दल सासूबाईंना सांगण्यात अर्थ नाही पण तुला सांगते. नाझरेथमध्ये लोक येशूला कड्यावरून खाली ढकलायला घेऊन गेले होते, लूकच्या चौथ्या अध्यायात आहे, तर तो त्यांच्यामधून निघून गेला. उभा राहिला नाही ढकलून घ्यायला. आणि हेरोद पोराला मारायला उठला तेव्हा मरीया आणि योसेफ रातोरात बाळाला घेऊन इजिप्तला पळाले, त्यांना कुणी म्हणालं नाही की थांबा, हेरोद बदलेल. मला खरंच कळत नाही, हे उतारे दरवर्षी चर्चमध्ये वाचतात, पण मार खाणाऱ्या बाईसमोर बसल्यावर नेमका क्रूसच कसा आठवतो सगळ्यांना.

आता करायचं काय. एक पिशवी आधी तयार ठेव आणि ती घरात ठेवू नको, आईकडे किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे दे: तुझं आणि मुलीचं आधार, तिचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला (हरवला असेल तर ज्या चर्चमध्ये लग्न झालं तिथून मिळतो), आणि हाताच्या एक्सरेचे, दवाखान्याचे कागद, ते सगळ्यात महत्त्वाचे. डॉक्टरला तेव्हा "पायरीवरून पडले" सांगितलं असशील तरी कागद टाकून देऊ नको. प्रत्यक्ष मारहाण चालू असेल तर 112. नुसतं बोलायचं, विचारायचं असेल तर 181, ही बायकांसाठीचीच हेल्पलाईन आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा जो 2005 चा कायदा आहे, ऑक्टोबर 2006 पासून लागू, त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांना भेट, ते तुझा अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला मदत करतात, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागली पाहिजे असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, ते पण सांगून ठेवते, पण अर्ज आत गेलेला असणं हेच मोठं असतं. कोर्ट त्याला तुझ्याजवळ यायला बंदी घालू शकतं, खर्च द्यायला लावू शकतं, आणि ती बंदी मोडली तर एक वर्षापर्यंत तुरुंग आहे. मुलीचा तात्पुरता ताबा पण त्याच अर्जात मागता येतो.

घर सासूबाईंच्या नावावर आहे म्हणून तुला हाकलतील ही भीती असेल तर ऐक, ज्या घरात तू संसार केलास तिथे राहायचा हक्क मागता येतो, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरीही, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. वकिलाला पैसे नाहीत असं म्हणू नको, विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, फोन 15100. आणि बायकोच्या छळाचं पूर्वीचं 498अ आता नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालंय, पोलीस "ते कलम गेलं" म्हणाले तर हा आकडा सांग.

अजून एक, आपल्या ख्रिस्ती बायकांचं. आपल्याला लागू असलेला घटस्फोटाचा कायदा 1869 चा, आणि 2001 पर्यंत त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, पण बायकोला नुसता मार पुरत नव्हता, व्यभिचार आणि वर क्रूरता किंवा सोडून जाणं असं दोन्ही सिद्ध करावं लागायचं. 1997 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ते बायकांवर अन्याय करणारं ठरवलं आणि मग 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला. आता क्रूरता एकटी पुरते. तुझ्या आईच्या पिढीला "लोक काय म्हणतील" एवढंच अडवत नव्हतं, कायदा पण अडवत होता, म्हणून त्यांचा आवाज अजून खाली आहे. तुझा असायची गरज नाही.

फादरांकडे परत जायचं की नाही ते तू ठरव. मी असते तर आधी अशा सिस्टरला गाठलं असतं ज्या समाजसेवेच्या कामात आहेत, आणि सरळ विचारलं असतं की सिस्टर, तुमच्या ओळखीत वकील आहे का आणि मला पोलीस स्टेशनला सोबत याल का. नोव्हेना करायचीय? कर की. पिशवी मैत्रिणीकडे पोचवून मग कर.

"पत्नींनो, आपापल्या पतीच्या अधीन असा" हे देवाच्या वचनातच आहे. हल्ली काही सिस्टर्स बायकांना भडकवतात आणि त्यामुळे घरं मोडतात असं माझं स्पष्ट मत आहे. आपण छापणार नाही हे माहीत आहे. (निवृत्त शिक्षक)

छापलं. इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय, 22 वी ओवी, बरोबर. सर, तुम्ही शिक्षक होतात, मुलांना धडा मधूनच वाचायला सांगायचात का? 21 व्या ओवीत "एकमेकांच्या अधीन" आहे आणि 25 मध्ये पतींना सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीवर जशी प्रीती केली आणि तिच्यासाठी जीव दिला तशी तुम्ही करा. जीव द्यायला सांगितलंय, घ्यायला नाही. पोप फ्रान्सिस 1 जानेवारी 2020 च्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) म्हणाले की स्त्रीवर केलेली प्रत्येक हिंसा म्हणजे स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या देवाची निंदा आहे. आता पोपनाही सिस्टर्सनी भडकवलं असेल तर माझ्याकडे उत्तर नाही.

घरं कशाने मोडतात ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बघा, 2019 ते 21 ची, देशात लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या बायकांपैकी 29 टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलंय. एवढ्या सगळ्यांना भडकवायला सिस्टर्स पुरणार नाहीत हो.

मी ख्रिश्चन नाही, पुण्यात राहते. सिस्टर म्हटलं की आम्हाला शाळा आणि दवाखाना एवढंच माहिती. त्या मार खाणाऱ्या बायकांसाठी नक्की काय करतात? आणि मदत घेतली तर धर्म बदलायला सांगतात का? ओळखीतल्या एका मुलीसाठी विचारतेय, स्पष्ट विचारल्याबद्दल सॉरी.

सॉरी कशाला, हेच विचारायला पाहिजे. तुमच्या पुण्यातलंच उदाहरण देते. केरळच्या सिस्टर लुसी कुरियन पुण्यात काम करत होत्या. 1991 मध्ये एक गरोदर बाई त्यांच्याकडे आली, सातवा महिना, म्हणाली नवरा मारेल मला, इथे राहू द्या. सिस्टरना तेव्हा कुणाला परस्पर ठेवून घ्यायचा अधिकार नव्हता, वरिष्ठांना विचारावं लागणार होतं, म्हणून त्या म्हणाल्या उद्या ये, काहीतरी करू. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवलं. सिस्टरनीच तिला हॉस्पिटलमध्ये नेलं, बाई गेली, बाळही गेलं.

या प्रसंगावर लोक लिहितात तेव्हा सिस्टरांच्या पश्चात्तापावर फार लिहितात, मला त्यानंतरची सहा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. पैसे नाहीत, जागा नाही, सिस्टरने एकटीने असं काही काढावं का याबद्दल शंका, या सगळ्यातून जेझुइट फादर फ्रान्सिस डिसा यांच्यासारख्यांची मदत घेत त्यांनी 2 फेब्रुवारी 1997 ला वढू बुद्रुकला घर उघडलं, हो तेच वढू, संभाजी महाराजांच्या समाधीचं, आणि नाव ठेवलं माहेर. आता "उद्या ये" म्हणायचं नाही हा तिथला पहिला नियम समजा. पुढे मुलांसाठी, मनोरुग्ण बायकांसाठी घरं झाली, दुसऱ्या राज्यांत पण काम गेलं, 2016 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

आणि धर्माचं म्हणाल तर माहेर सर्वधर्मीय आहे, तिथे दिवाळी पण होते, ईद पण होते, नाताळ पण होतो, राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या सगळ्या धर्मांच्या, जातीचा शब्द काढायचा नाही हे पण आहेच. पुण्यातच स्त्रीवाणी म्हणून संस्था आहे, तिथल्या सिस्टर वकील आहेत आणि कायद्याच्या बाजूने काम करतात. माझं साधं म्हणणं: मदत देताना कुणी कुठल्याही धर्माची अट घातली तर आभार मानून उठायचं. तुमच्या ओळखीतली मुलगी सरकारी सखी सेंटरमध्ये पण जाऊ शकते, तिथे राहायची तात्पुरती सोय, डॉक्टर, पोलीस, वकील एका छताखाली असावेत अशी कल्पना आहे. कुठे काय चांगलं चाललंय ते गावागणिक बदलतं, म्हणून जायच्या आधी फोन करा.

तुम्ही सिस्टर्सचं एवढं कौतुक करता, पण खुद्द सिस्टर्स तरी चर्चमध्ये सुरक्षित आहेत का? केरळच्या केसबद्दल चर्चच्या मासिकांनी तोंड का उघडलं नाही? बाहेरच्यांसाठी मेणबत्त्या आणि घरात अळीमिळी गुपचिळी? (मुंबई)

बोचलं, पण प्रश्न रास्त आहे. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: जून 2018 मध्ये एका सिस्टरने जालंधरच्या तेव्हाच्या बिशपांविरुद्ध, फ्रँको मुलक्कल यांच्याविरुद्ध, बलात्काराची तक्रार दिली. कारवाई होईना म्हणून सप्टेंबरमध्ये तिच्याच कॉन्व्हेंटमधल्या पाच सिस्टर्स कोचीला हायकोर्टाजवळ रस्त्यावर बसल्या, झग्यासकट, हातात फलक. 21 सप्टेंबरला बिशपांना अटक झाली. जानेवारी 2022 मध्ये कोट्टायमच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, त्याविरुद्ध अपील झालं, आणि जून 2023 मध्ये त्यांनी बिशपपदाचा राजीनामा दिला. कोर्टाने सोडलं हे सोडलंच लिहायचं, त्यावर मी माझा निकाल देणार नाही.

पण निकाल काहीही लागो, त्या पाच जणींचं रस्त्यावर बसणं मला फार मोठं वाटतं. सिस्टरने आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असतं, तिचं घर, जेवण, औषधपाणी, म्हातारपण सगळं संस्थेच्या हातात असतं, नोकरी सोडून दुसरी धरावी असं तिचं नसतं. अशी बाई तक्रार करते तेव्हा ती उद्या कुठे झोपणार हा प्रश्न आधी येतो, आणि हे सगळं मार खाणाऱ्या बायकोच्या परिस्थितीशी इतकं जुळतं की सिस्टर्सना त्या बायका लगेच कळतात यात नवल नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये विमानात पत्रकारांनी विचारल्यावर पोप फ्रान्सिस यांनी कबूल केलं की धर्मगुरूंकडून आणि काही बिशपांकडूनही सिस्टर्सवर अत्याचार झालेत आणि हे अजून संपलेलं नाही. मग मे 2019 मध्ये नियम आला की फादर किंवा सिस्टरला असं काही कळलं तर वर कळवणं बंधनकारक. भारतातल्या बिशपांनी त्याआधी 2017 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, आणि 2010 मध्ये स्त्री-पुरुष समानतेचं धोरण. कागद चांगलेत. मी वाचलेत.

कपाटातून बाहेर आलेत का, हे तुम्ही पण तपासू शकता. तुमच्या पॅरिशच्या शाळेत दहाच्या वर लोक काम करतात ना, मग कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तिथे तक्रारींसाठी अंतर्गत समिती पाहिजे, अध्यक्ष बाई पाहिजे, बाहेरची एक सदस्य पाहिजे आणि नावं बोर्डावर लावलेली पाहिजेत. जाऊन बोर्ड बघा. नसेल तर पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगमध्ये विचारा. मासिकांनी तोंड का उघडलं नाही म्हणता, तर बाकीच्यांचं मला माहीत नाही, हे उघडलंय, पुढच्या अंकात हा कॉलम दिसला नाही तर समजून घ्या (हे संपादक ठेवतात का बघू).

आमच्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या मुलीचा एका घरातल्या साहेबांनी हात धरला. ती माझ्याकडे रडली, पण म्हणते पोलिसात गेले तर सगळी कामं जातील. मी काय करू? (बोरिवली)

आधी तिचं काम तुमच्या घरी चालू ठेवा आणि अजून दोन घरं मिळवून द्या. ही सगळ्यात पहिली कायदेशीर मदत समजा, कारण ती बोलत नाहीये ते पगारापायी.

घर हे पण कामाची जागा धरलं जातं, 2013 च्या त्याच कायद्यात घरकामगार बाई स्पष्ट लिहिलेली आहे. तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो, तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची, अडचण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. तथ्य दिसलं तर समितीनेच सात दिवसांत ते पोलिसांकडे पाठवायचं असतं. तिला लिहिता येत नसेल तर लिहून देण्याची जबाबदारी पण समितीची आहे. थेट पोलिसात जायचं तर तेही आहेच.

आणि एकटीने जाऊ देऊ नका, घरकामगारांच्या संघटनेला बरोबर घ्या. मुंबईतच सिस्टर जीन डेव्होस यांनी उभी केलेली राष्ट्रीय घरकामगार चळवळ आहे. या मूळच्या बेल्जियमच्या, 1963 मध्ये भारतात आल्या, आधी तामिळनाडूत, आणि 1985 पासून घरकाम करणाऱ्या बायकांना एकत्र करायला लागल्या, ज्या काळात मोलकरीण म्हणजे कामगार हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. 2008 मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, 2011 मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांचा करार केला, अशा सगळ्या लढ्यांत या चळवळीच्या बायका होत्या. भारताने त्या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

या वर्षी आमच्या झोनकडे (पॅरिशमधल्या आमच्या वस्तीच्या गटाकडे) प्रार्थनेची जबाबदारी आलीये. नेहमीचंच "सर्व पीडित भगिनींसाठी" म्हणायचा कंटाळा आलाय. काही सुचवा ना. आणि वाचन कुठलं घ्यावं? (पालघर जिल्हा)

वाचन 2 शमुवेल, 13 वा अध्याय घ्या, दावीदाच्या मुलीचं, तामारचं. सावत्र भाऊ तिच्यावर जबरदस्ती करतो, ती अंगावरचं वस्त्र फाडून मोठ्याने रडत निघते, तर सख्खा भाऊ सांगतो गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे. बाप दावीद रागावतो पण करत काहीच नाही. रविवारच्या मिस्सेत हा उतारा येत नाही, त्यामुळे ऐकून लोक दचकतील, दचकू दे. मोठी असली तरी ओवी 1 ते 21 सलग वाचा, मध्ये गाणं घालू नका. ज्या बाईला अंगावर येईल तिला बाहेर जाऊन बसता यावं म्हणून दारापाशी एखादी सिस्टर थांबलेली असू दे.

प्रार्थना नेमक्या करा. मुलीने फोन केल्यावर "जुळवून घे" म्हणालेल्या आईबापांसाठी. मारहाण ऐकून टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या शेजाऱ्यांसाठी. तक्रार लिहून घ्यायला टाळाटाळ करणाऱ्या आणि न करणाऱ्या पोलिसांसाठी. मारणाऱ्यांसाठी पण, पण त्यांच्यासाठी करताना "त्यांना शांती दे" म्हणू नका, त्यांना अडवणारं कुणीतरी भेटू दे म्हणा. एखाद्या खऱ्या बाईची गोष्ट, नाव न घेता का होईना, माईकवरून सांगू नका, झोनमध्ये लगेच ओळखू येते. निदान दोन प्रार्थना पुरुषांनी वाचाव्यात असं बघा, वर वसईच्या ताईंचा भाऊ मोकळा आहे.

आणि शेवटच्या सूचनांमध्ये 181 हा नंबर दोनदा वाचा, पहिल्यांदा वाचतो तेव्हा कुणाकडे पेन नसतो.